चिप लहान झाली, पण नमुन्याचे काय?

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला, की त्याला घट्ट झाकणाची एक छोटी प्लास्टिकची डबी दिली जाते. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका तीत आणावा, तोंडातली नुसती लाळ नको, असे त्याला बजावून सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी ती डबी परत येते तेव्हा तिच्यात चमचाभर चिकट द्रव्य असते, कधी पिवळसर, तर कधी रक्ताची रेघ असलेले. त्यात क्षयरोगाचे जिवाणू असतील, तर प्रत्येकाची लांबी दोन ते चार मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चारपट, एवढीच असते. त्यांची संख्या लाखांत असू शकते, तशीच ती अवघी काहीशेही असू शकते. या डबीला दोन प्रश्न विचारायचे असतात. जिवाणू आहे का, हा पहिला. आणि असल्यास तो नेहमीच्या औषधाला दाद देणारा आहे का, हा दुसरा. दोन्ही उत्तरे हाती यायला पूर्वी दोन-तीन महिने जात. आता ती एका दिवसात मिळू शकतात.

हा बदल ज्या यंत्रांनी घडवला, त्यांचे वर्णन ‘चिपवरची प्रयोगशाळा’ असे केले जाते आणि नखाएवढ्या तुकड्यावर सारी प्रयोगशाळा मावल्याचे कौतुक होते. कौतुक रास्तच आहे, परंतु यंत्र लहान करणे हा या कामातला सर्वांत कठीण भाग नव्हता, असे मला वाटते. खरी अडचण त्या डबीतल्या चिकट द्रव्यातून जिवाणू वेगळे काढून चिपच्या तोंडाशी आणून ठेवण्याची आहे. क्षयरोगाच्या बाबतीत ती बरीचशी सुटली, लघवीच्या बाबतीत ती मुळातच सौम्य होती, पिण्याच्या पाण्यात ती वेगळेच रूप घेते आणि रक्तात तर ती अजून पुष्कळ अंशी शिल्लक आहे.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयरोगाच्या जिवाणूचा शोध जाहीर केला. हा दिवस आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. या जिवाणूभोवती मेणासारख्या पदार्थाचे जाड आवरण असते, त्यामुळे साधा रंग त्याला लागत नाही. काचपट्टीवर बेडका पसरून, लाल रंग ओतून ती खालून तापवावी लागते. एकदा आत शिरलेला रंग मात्र पुढे आम्लाने धुतले तरी सुटत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे जिवाणू दिसतात. ही तपासणी स्वस्त आहे, तासा-दोन तासांत होते आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तिनेच जगाचे क्षयरोग नियंत्रण पेलले. तिची मर्यादा अशी, की एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जिवाणू असल्याखेरीज तंत्रज्ञाला ते विश्वासाने सापडत नाहीत. कारण साधे आहे. हजारपट मोठे करून पाहताना एका नजरेत काचपट्टीचा अगदी बारीक ठिपका येतो. तंत्रज्ञाने नियमानुसार असे शंभर ठिपके तपासले, तरी पट्टीचा बहुतेक भाग न पाहिलेलाच राहतो. शिवाय दिसलेली लाल काडी औषधाला दाद देणारी आहे की नाही, हे तिच्या रूपावरून कळत नाही.

दुसरा जुना मार्ग जिवाणू वाढवण्याचा. हे काम विरजण लावण्यासारखेच आहे. दुधात चमचाभर दही घातले, की त्यातले जिवाणू रात्रभरात इतके वाढतात की त्यांची करणी डोळ्यांना दिसते. वाढीमुळे थोड्याचे पुष्कळ होते आणि पुष्कळ झालेले सहज ओळखता येते, हे या पद्धतीचे सारे मर्म आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे त्याचे विरजण एका रात्रीत लागते. क्षयरोगाच्या जिवाणूला एकदा दुप्पट होण्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. परिणामी अंडी घालून केलेल्या हिरवट घन माध्यमावर त्याच्या वसाहती दिसायला सहा-आठ आठवडे जातात. द्रव माध्यमात वेळ कमी लागतो, पण तेथेही नमुन्यात काहीच नाही असे म्हणण्यापूर्वी ४२ दिवस वाट पाहण्याची रीत आहे. औषधे घालून पुन्हा वाढवायचे, तर आणखी काही आठवडे. तोवर रुग्ण घरात, बसमध्ये, कारखान्यात खोकत असतो आणि त्याला दिलेली औषधे लागू पडत आहेत की नाही, हे त्याच्या डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नसते.

जिवाणू वाढवण्याऐवजी त्याच्या डीएनएचा एखादा ओळखीचा तुकडाच वाढवावा, ही कल्पना १९८३ मध्ये कॅरी म्युलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला सुचली. तिलाच पीसीआर म्हणतात. करोनाच्या काळात हा शब्द घरोघरी पोहोचला, पण त्यामागची युक्ती फार थोड्यांना कोणी समजावून सांगितली. डीएनए हा दोन धाग्यांचा पीळ असतो. तो ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की धागे सुटे होतात. मग तापमान ६० अंशांच्या आसपास आणले, की आधीच मिसळून ठेवलेले, नेमके त्या जिवाणूच्या डीएनएलाच जुळणारे छोटे तुकडे सुट्या धाग्यांवर जाऊन बसतात आणि एक विकर (एन्झाइम) त्यांच्यापुढे उरलेला धागा विणत नेते. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवायचे, पुन्हा थंड करायचे, दोनाचे चार होतात. बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक घरात दुप्पट धान्य मागणाऱ्या माणसाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तोच हिशेब येथे चालतो. तीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याच्या सुमारे १०७ कोटी प्रती तयार होतात. एवढ्या उकळीत टिकून राहणारे विकर मिळाले ते अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातल्या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूकडून. एका जिवाणूला पकडण्यासाठी दुसऱ्या जिवाणूचे अवजार वापरावे लागते, ही गोष्ट मला नेहमीच गंमतीची वाटत आली आहे. नव्या प्रती तयार होताना चमकणारे एक रंगद्रव्य मिश्रणात घातलेले असते. जितक्या लवकर चमक दिसू लागते, तितके मूळ नमुन्यात जिवाणू अधिक, असा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पीसीआरमध्ये बहुतेक वेळ खर्च होतो तो तापवण्या-निववण्यात आणि आकाराचा प्रश्न येतो तो नेमका येथे. मोठ्या पातेल्यातले पाणी उकळायला वेळ लागतो आणि पळीतले पाणी क्षणात उकळते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. द्रव जितका थोडा, तितका तो झटपट तापतो आणि झटपट निवतो, कारण त्याच्या आकारमानाच्या मानाने त्याचा बाहेरचा पृष्ठभाग मोठा असतो.

दुसरे कारण रेणूंच्या भटकंतीचे आहे. द्रवात रेणू इकडेतिकडे ढकलले जात पसरतात. अंतर दहापट वाढले, तर ते पार करायला लागणारा वेळ दहापट नव्हे, शंभरपट वाढतो. मध्यम आकाराच्या एखाद्या प्रथिनाला पाण्यात एक मिलिमीटर सरकायला सुमारे दीड तास लागतो. तेच अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके केले, तर अर्ध्या सेकंदात काम होते. म्हणून केसाएवढ्या रुंदीच्या नलिकेत रासायनिक क्रिया ढवळण्यावाचूनही लवकर उरकतात. अशा नलिकेतला प्रवाह स्वभावानेही वेगळा असतो. त्यात भोवरे उठत नाहीत. नद्यांच्या संगमाखाली गढूळ आणि निवळ पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसते, तसे चिपमधले दोन द्रव टोकापर्यंत एकमेकांना लागून, पण न मिसळता, वाहू शकतात. त्यामुळे कोणता थेंब कोठे जाईल हे आधीच नक्की सांगता येते आणि यंत्र करणाऱ्याला याहून अधिक काय हवे असते? नमुना घेण्यापासून उत्तर देण्यापर्यंतची सारी कामे एकाच छोट्या उपकरणात बसवावीत, ही मांडणी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे संशोधन करणाऱ्या आंद्रेआस मान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केली. तेव्हापासून सिलिकॉन, काच, रबरासारखे लवचीक पदार्थ, चिनी माती, इतकेच काय, साध्या कागदावरही अशा नलिका कोरल्या, ओतल्या किंवा छापल्या गेल्या आहेत.

इथपर्यंत ऐकल्यावर कोणीही विचारील, की मग मधुमेही माणूस घरी बोट टोचून साखर पाहतो, तसे बोट टोचून जिवाणू का पाहता येत नाहीत? उत्तर साध्या गणितात आहे. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० असेल, तर रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एका थेंबाच्या सुमारे पन्नासाव्या भागात, ग्लुकोजचे ३३ कोटी गुणिले एक कोटी इतके रेणू असतात. कोठूनही कितीही लहान थेंब घ्या, साखर त्यात असणारच. क्षयरोगाच्या सौम्य रुग्णाच्या बेडक्यात एका मिलिलिटरला शंभर जिवाणू असले, तर दहा मायक्रोलिटरच्या वाट्याला सरासरी एक येतो. तोही चिकट श्लेष्मात अडकलेला असतो, मेणाच्या आवरणात गुंडाळलेला असतो आणि तोंडातल्या असंख्य निरुपद्रवी जिवाणूंच्या गर्दीत मिसळलेला असतो. चिपला हवा असतो तो स्वच्छ पाण्यात उतरलेला सुटा डीएनए. बेडक्यापासून तिथपर्यंतचा प्रवास पूर्वी प्रशिक्षित माणसे, फिरकी यंत्रे आणि तीन वेगळ्या खोल्या यांच्या मदतीने होत असे. वेगळ्या खोल्या अशासाठी, की पीसीआरने तयार केलेल्या कोट्यवधी प्रतींपैकी एखादी जरी हवेतून दुसऱ्या रुग्णाच्या नळीत पडली, तर त्या निरोगी माणसाला क्षयरोग असल्याचा निकाल लागतो.

हा सारा प्रवास एका बंद कार्ट्रिजमध्ये बसवण्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील सेफिड कंपनीच्या जीनएक्सपर्ट यंत्राला जाते. आपल्या सरकारी दवाखान्यांत याच तपासणीला सीबीनॅट म्हणतात. याच कंपनीचे तंत्रज्ञान अमेरिकेत २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जिवाणू पाठवले गेल्यानंतर तेथील टपाल केंद्रांत हवा तपासण्यासाठी वापरले गेले होते. क्षयरोगाच्या तपासणीत तंत्रज्ञ बेडक्यात दुप्पट प्रमाणात एक द्रव मिसळतो. तो द्रव बेडका पातळ करतो आणि बहुतेक जिवाणू मारूनही टाकतो, त्यामुळे पुढची हाताळणी तंत्रज्ञासाठी सुरक्षित होते. पंधरा मिनिटांनी हे मिश्रण कार्ट्रिजमध्ये ओतले, की माणसाचे काम संपते. आत एक फिरती झडप आणि एक दट्ट्या मिळून द्रव एका कप्प्यातून दुसऱ्यात नेतात. जिवाणू गाळणीवर अडतात, धुतले जातात आणि मग कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी काचेच्या बारीक मण्यांसह हादरवून त्यांचे मेणाचे आवरण फोडले जाते. बाहेर पडलेला डीएनए कोरड्या रसायनांत मिसळून एका चपट्या नळीत शिरतो आणि तेथे पीसीआर होतो. दोन तासांच्या आत उत्तर येते. आकाराने चिप म्हणावी इतके हे उपकरण लहान नाही, कार्ट्रिज चांगले मुठीएवढे असते; परंतु नमुन्याची अडचण आधी सोडवली म्हणून ते यशस्वी झाले, असे माझे मत आहे.

मुंबई, पेरू, अझरबैजान आणि दक्षिण आफ्रिका येथील १,७३० संशयित रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीची शिफारस केली. त्या अभ्यासातील दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसलेल्या रुग्णांपैकी ९८.२ टक्के जण एका तपासणीत ओळखले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली काही न दिसलेल्या, पण वाढवल्यावर जिवाणू सापडलेल्या रुग्णांपैकी मात्र ७२.५ टक्केच ओळखले गेले. दुसरा आकडा काचपट्टीच्या तुलनेत मोठीच झेप आहे, पण चारांतला एखादा रुग्ण त्या जाळ्यातूनही निसटतो, असाही त्याचा अर्थ होतो. म्हणून ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद हाती आल्यावरही अनुभवी डॉक्टर छातीचा एक्स-रे पाहतात, वजन किती घटले ते विचारतात आणि शंका वाटली तर पुन्हा डबी देतात.

सीबीनॅट यंत्राला स्थिर वीज, संगणक आणि ३० अंशांच्या आतले तापमान लागते. चंद्रपुरात मे महिन्यात ४५ अंशांचा पारा पाहिलेल्या माणसाला या अटीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. वातानुकूलित खोली नसलेल्या केंद्रातून नमुना तालुक्याला किंवा जिल्ह्याला पाठवायचा म्हटले, की दोन तासांच्या तपासणीला दोन-चार दिवस सहज लागतात. ही उणीव डोळ्यांसमोर ठेवून बेंगळुरूच्या बिगटेक लॅब्ज आणि गोव्यातील वेर्णे औद्योगिक वसाहतीतील मोलबायो डायग्नोस्टिक्स यांनी ट्रूनॅट ही तपासणी विकसित केली. येथे मात्र खरोखरीची चिप आहे. ती तापवण्याची सोय तिच्या पोटातच केलेली असते आणि तिच्यावर ठेवायचा द्रव असतो अवघा सहा मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा साधारण आठवा भाग. एवढा थोडा द्रव तापवायला फारशी ऊर्जा लागत नाही, म्हणून यंत्र बॅटरीवर चालते आणि ४० अंशांच्या उन्हाळ्यातही काम देते.

या संचात यंत्रे दोन असतात आणि माझ्या म्हणण्याचा पुरावाच त्यात आहे. पीसीआर करणारे यंत्र एक. बेडक्यातून डीएनए काढून देणारे, स्वतःचे कार्ट्रिज आणि रसायनांच्या पिशव्या घेऊन येणारे यंत्र दुसरे. पहिले यंत्र लहान करता आले, म्हणून दुसरे नको झाले असे घडले नाही. डीएनए वेगळा करायला वीसेक मिनिटे आणि चिपवरच्या फेऱ्यांना चाळीस मिनिटांच्या आसपास, असा मिळून एक तास जातो. क्षयरोग निघाला, तर काढून ठेवलेला तोच डीएनए दुसऱ्या चिपवर घालून रिफॅम्पिसिन या औषधाला जिवाणू दाद देतो का, याची तपासणी केली जाते, त्याला आणखी एक तास. दोन टप्प्यांमध्ये तंत्रज्ञाला स्वतःच्या हाताने मोजून द्रव उचलावा लागतो, त्यामुळे सीबीनॅटच्या मानाने येथे कौशल्य थोडे अधिक लागते. ही या पद्धतीने मोजलेली किंमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ट्रूनॅटची शिफारस केली आणि त्याच वर्षी करोनाच्या साथीत हीच यंत्रे नव्या चिप घालून देशभर कामाला लावण्यात आली.

रिफॅम्पिसिनचीच चौकशी का करायची, हेही सांगितले पाहिजे. क्षयरोगाच्या उपचारातले ते प्रमुख औषध आहे आणि ते ज्या प्रथिनावर घाव घालते, त्याच्या जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात या औषधाला न जुमानणारे सुमारे ९५ टक्के बदल एकवटलेले असतात. यंत्र एवढाच पट्टा वाचते. अक्षरे मूळ प्रतीसारखी असली, तर तपासणीतले चमकणारे तुकडे तेथे नीट बसतात. एखादे अक्षर बदललेले असले, तर एखादा तुकडा बसत नाही किंवा उशिरा बसतो आणि त्यावरून औषध निकामी ठरेल असे अनुमान निघते. सर्व औषधांच्या बाबतीत बदल असे एका जागी सापडत नाहीत, म्हणून पुढच्या औषधांसाठी नमुना आजही मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि त्यातले २६ टक्के भारतातले होते. औषधाचा चुकलेला प्रत्येक महिना या देशात किती महाग पडतो, ते यावरून लक्षात यावे.

डीएनए पाहणाऱ्या सर्वच तपासण्यांत आणखी एक खोच आहे. जिवाणू मेला, तरी त्याचा डीएनए लगेच नाहीसा होत नाही. उपचार नीट घेऊन बऱ्या होत आलेल्या रुग्णाच्या बेडक्यात मेलेल्या जिवाणूंचे अवशेष पुढे कित्येक महिने सापडू शकतात आणि यंत्र त्यांनाही क्षयरोगच म्हणते. उपचार कितपत लागू पडले हे पाहण्यासाठी म्हणूनच पुन्हा काचपट्टीकडे आणि विरजणाकडे वळावे लागते. जुने सूक्ष्मदर्शक अडगळीत न टाकण्याचे हे चांगले कारण आहे.

हीच खोच पिण्याच्या पाण्यात फार मोठी होते. आपल्याकडच्या मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. १०० मिलिलिटर म्हणजे एक लाख मायक्रोलिटर. त्यात एकच जिवाणू असेल आणि आपण त्यातले सहा मायक्रोलिटर उचलून चिपवर ठेवले, तर तो त्यात येण्याची शक्यता सोळा हजारांत एकाहूनही कमी. तेव्हा चिप कितीही हुशार असली, तरी आधी सारे पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळून, किंवा जिवाणूंना चिकटणारे चुंबकीय कण सोडून ते एका बाजूला ओढून, सर्व ऐवज थेंबात गोळा करावा लागतो. आणि एवढे करूनही, गावातल्या टाकीत जलसुरक्षकाने टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकून जिवाणू मारलेले असले, तर चिप त्या प्रेतांचा डीएनए पाहून धोक्याची घंटा वाजवू शकते. पाण्याच्या बाबतीत वाढ होते का, हाच प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच दिवसभर ठेवल्यावर काळी पडणारी साधी बाटली, पेरून वाढवण्याच्या तबकड्या आणि जिवंत जिवाणूच्या विकरामुळे रंग बदलणारी रसायने यांना तेथे अजून स्थान आहे. पाण्यासाठी चिप बनवणाऱ्यांनी या बाटलीला कमी लेखू नये.

वाढीचाच प्रश्न विचारायचा, पण त्याचे उत्तर मिनिटांत मिळवायचे, हे साधले ते स्वीडनमधील उप्साला येथे. मूत्रमार्गाच्या संसर्गात लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा एक लाख किंवा त्याहून अधिक जिवाणू असतात आणि लघवी बेडक्यासारखी चिकटही नसते. म्हणजे नमुन्याची अडचण येथे निसर्गानेच अर्धी सोडवून दिली आहे. उप्साला विद्यापीठातील संशोधनातून निघालेल्या अस्ट्रेगो या कंपनीच्या उपकरणात अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी लघवी घातली, की ती दहा हजारांहून अधिक अतिसूक्ष्म नलिकांत शिरते. प्रत्येक नलिका इतकी अरुंद असते, की जिवाणू तीत एकामागे एक अडकून बसतात. काही नलिकांत साधे पोषक द्रव, तर इतर गटांत पाच वेगवेगळी प्रतिजैविके असतात. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा जिवाणूंची लांबी वाढते आहे का, एवढेच पाहत राहतो. जिवाणूने दुप्पट होण्याची वाट पाहायची गरजच उरत नाही. तो नेहमीच्या वेगाने लांबतो आहे की अडखळतो आहे, हे काही मिनिटांतच मोजता येते. संसर्ग आहे की नाही हे पंधरा मिनिटांत आणि कोणते औषध चालेल हे पाऊण तासात कळते. या उपकरणाला २०२४ मध्ये ब्रिटनचा ८० लाख पौंडांचा लॉन्जिट्यूड पुरस्कार मिळाला. रांगेत बसलेल्या रुग्णाला घरी जाण्यापूर्वी योग्य औषधाची चिठ्ठी देता येईल, असे उत्तर या पद्धतीत खरोखर आहे. क्षयरोगाच्या जिवाणूला मात्र ती इतक्या सहजतेने लावता येणार नाही, कारण दिवसाला एकदा दुप्पट होणारा जिवाणू पाऊण तासात किती लांबणार?

लहान मुलांचा क्षयरोग या साऱ्यापासून थोडा बाजूला राहतो. मुलांना बेडका खोकून काढता येत नाही. जो सुटतो तो ती गिळून टाकतात. सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातले द्रव काढणे, हा त्यावरचा जुना आणि मुलाला व आईला दोघांनाही त्रासदायक उपाय. गिळलेले जिवाणू शेवटी शौचातून बाहेर पडतात, हे ध्यानात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मुलांच्या शौचाचा नमुनाही जीनएक्सपर्टमध्ये वापरण्याची शिफारस केली. यंत्र तेच, कार्ट्रिज तेच. फक्त नमुना कोठून घ्यायचा याचा विचार बदलला आणि नळी टाळता आली. मोठ्यांच्या जिभेवरून कापसाचा बोळा फिरवून तो बेडक्याऐवजी वापरता येईल का, यावरही संशोधन चालले आहे.

राहिले रक्त. रक्तात जिवाणू पसरून माणूस अत्यवस्थ होतो, तेव्हा प्रत्येक तास मोलाचा असतो, तरीही तेथे जिवाणूंची संख्या पुष्कळदा एका मिलिलिटरला एक ते दहा एवढीच असते. बोट टोचून काढलेल्या पन्नास मायक्रोलिटरच्या थेंबात त्यातला एक सापडण्याची शक्यता, मिलिलिटरला एक असे धरले, तर विसात एक. त्याच्याभोवती एका मिलिलिटरमध्ये पाचशे कोटींच्या आसपास तांबड्या पेशी असतात आणि त्यांच्यातले लाल द्रव्य पीसीआरच्या विकराला अडथळा करते. काही मिलिलिटर रक्त घेऊन, पेशी फोडून, जिवाणू वेगळे करून थेट ओळखणारी यंत्रे निघाली आहेत, पण ती ठराविक जिवाणूंपुरती चालतात आणि महागही आहेत. त्यामुळे अतिदक्षता विभागातली परिचारिका आजही रुग्णाच्या दोन्ही दंडांतून आठ-दहा मिलिलिटर रक्त काढते, पोषक द्रव भरलेल्या बाटल्यांत सोडते आणि त्या बाटल्या ३५ अंशांच्या ऊबदार कपाटात ठेवल्या जातात. बाटलीच्या बुडाशी असलेला ठिपका रंग कधी बदलतो, याची वाट यंत्र दर दहा मिनिटांनी पाहत राहते. रक्तात जिवाणू असले, तर बहुतेक वेळा तो रंग दुसऱ्या दिवशी बदलतो. तोवर डॉक्टर अंदाजाने प्रतिजैविक सुरू करतात.